पाठमोरी जीप

“सोड आता क्लच! बिस्मिल्ला!” अब्बासभाई ओरडले.

मी गणपतीचं नाव घेतलं आणि क्लच सोडला. दोन दरबारांत एकाच वेळी अर्ज गेला की वरही गोंधळ होत असावा. गिअर पहिला टाकलेला. समोर फाटक सताड उघडं. फाटकात सुभेदार शिगवण नारळ घेऊन उभे. आणि जीप सुटली ती सरळ मागे! मागे गवताची उडवी होती. तिच्यात आम्ही असे घुसलो की बाहेरून नुसतं बॉनेट दिसत होतं. उडवीच्या पलीकडून एक मांजर, दोन कोंबड्या आणि मागच्या शिमग्यात हरवलेली सुभेदारांची छत्री बाहेर पडली. छत्री उघडलेली होती असं मी म्हणतो, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गवतातून डोकं काढून बघितलं, तर सुभेदार नारळासकट तसेच उभे.

“विश्राम,” ते शांतपणे म्हणाले, “पुढे यायचं होतं.”

“पहिलाच टाकला होता, सुभेदार! देवाशप्पथ!”

“मग दुसरा टाकून बघ.”

दुसरा टाकला. आम्ही दुप्पट जोराने मागे गेलो आणि उडवी फोडून पलीकडच्या वांग्यांच्या वाफ्यात उतरलो. शेवटी चिडून मी रिव्हर्स टाकला. तर जीप गरीब गाईसारखी पुढे चालत आली आणि सुभेदारांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. 

ओटीवर सुभेदारांची मालन पदर तोंडात कोंबून हसत होती. खांब धरून हसत होती. ते हसू बघायला मिळणार असेल, तर मी तसाच पाठमोरा मुंबईपर्यंत गेलो असतो.

पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. निदान माझी तरी.

आमचं गाव कातळबंदर. पुढे समुद्र, मागे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर धारेवाडी. दोन्हींच्या मधे माकडघाट. हा रस्ता इतका वळणांचा, की एका वळणावर शिंकलं तर पुढच्या वळणावर आपल्यालाच ‘शंभर वर्षं जग’ म्हणावं लागे. सरळ वर जायची ती फक्त माकडं, म्हणून ते नाव. मी तेव्हा बंदरातला बर्फाचा ट्रक चालवायचो. वय लग्नाचं, खिसा फाटका, आणि तोंड असं की बोलायला लागलं की बर्फ वितळायचा आणि मालक ओरडायचे.

सुभेदार फौजेतून परत आले ते एक विलीज जीप घेऊन. लढाईतली. लिलावात मिळालेली. तिचं पेट्रोलचं इंजिन इतकं तहानलेलं, की पंपावरून घरी येईपर्यंत पुन्हा पंपावर जायची वेळ. पुढे ते इंजिन वारलं. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. सुभेदार रोज संध्याकाळी तिच्या सीटवर जाऊन बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे, थोडा वेळ समुद्राकडे बघायचे आणि येताना दोन अंडी घेऊन यायचे. 

मालनची आई लहानपणीच गेलेली. घर मालन चालवायची आणि घराबाहेरून त्या दोघांना सुभेदारांची थोरली बहीण चालवायची. आक्का म्हणत तिला सगळे. राहायची वर धारेवाडीत, पण तिची हाक खाली बंदरात ऐकू यायची. त्या आक्काने मालनसाठी स्थळ काढलं. धारेवाडीचे धोंडूशेठ रामाणे, भातगिरणीचे मालक. त्यांचा मुलगा मनोहर मुंबईत गोदीत कारकून. आमच्याकडे मुलाकडचे मुलीच्या घरी येतात बघायला. पण धोंडूशेठ गिरणी सोडून घाट उतरणार नव्हते. आक्काने निरोप धाडला, ‘मंगळवारी माझ्याकडे पूजा आहे. मालीला घेऊन ये. ते लोक शेजारीच राहतात, बघतील. आणि चालत येऊ नका, भिकारी म्हणतील. जीपमधून या.’

ज्या सुभेदारांनी तोफेसमोर छाती काढली, त्यांनी मान खाली घालून ‘बरं आक्का’ असा उलट निरोप दिला. आणि बंदरातल्या अब्बासभाई परकारांना बोलावून सांगितलं, “जीपमध्ये डिझेल इंजिन बसवा. जुनं चालेल. मंगळवारच्या आत.”

माझं आणि मालनचं काही होतं का? होतं आणि नव्हतं. सुभेदारांकडे बर्फ नको असायचा, तरी माझा ट्रक त्यांच्या दारात तापायचा. मी पाणी मागायचो, ती द्यायची. “एवढा बर्फ घेऊन फिरतोस आणि पाणी आमच्याकडे मागतोस?” असं एकदा म्हणाली होती. त्यापुढे गोष्ट सरकली नव्हती. सरकवायला तोंड उघडलं की माझ्या तोंडातून थाप निघायची. देवमासा बघितल्याची नाहीतर बिबट्याला लिफ्ट दिल्याची. खरं बोलायचा सराव नव्हता. आणि आता सुभेदारांचा गुडघा दुखरा म्हणून, मालनला दुसऱ्याला दाखवायला घेऊन जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर म्हणून माझीच नेमणूक झाली होती! 

तर त्या दिवशी वांगी तुडवून झाल्यावर सुभेदारांनी विचारलं, “अब्बासभाई, हे इंजिन कुठलं?”

“‘मुमताज’ लाँचचं. खडकावर चढून फुटली ना ती? तिचं. मस्त इंजिन आहे, सुभेदार. समुद्राने मारलं नाही, ते डोंगर काय मारणार!”

“लाँचला इंजिनं किती होती?”

“दोन.”

“दुसरं कुठाय?”

“वर धारेवाडीत. धोंडूशेठच्याच गिरणीत. पहिलं ते विकलं, मग हे राहिलं, ते मी…” 

अब्बासभाईंचा आवाज तिथेच बुडाला. ते पान्यांच्या पेटीवर मटकन बसले. 

“या अल्ला. हे डावखुरं आहे.”

“इंजिन कसं डावखुरं असेल?” मी विचारलं.

“अरे बाबा, लाँचला मागे दोन पंखे. दोन्ही एकाच बाजूला फिरले, तर लाँच खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून एक इंजिन उजवीकडे फिरणारं, एक डावीकडे. उजवं गिरणीत गेलं. डावं मी हिच्या पोटात घातलं. आता हिच्या तीन पुढच्या चाली झाल्या मागच्या, आणि मागची झाली पुढची.”

बंदरातला माणूसच अशी चूक करू जाणे. जन्मभर बोटींची इंजिनं बसवलेली. पाण्यात काय, पुढचं-मागचं पंखा बघून ठरतं. चाकाला ते कोण समजावणार! बाकी काम मात्र अब्बासभाईंनी नामी केलं होतं. फुटक्या लाँचचाच पत्रा कापून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले होते. इंजिन इतकं उंच की बॉनेटला भोक पाडून त्यातून धुराचा पाइप वर काढलेला. आणि ते इंजिन समुद्राचं पाणी पिऊन थंड राहणारं. जमिनीवर समुद्र कुठून आणायचा? म्हणून त्यांनी सुभेदारांचा आंघोळीचा तांब्याचा बंब उचलून बंपरवर बसवला होता आणि नळ्या जोडल्या होत्या. चिंच लावून घासलेला बंब. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, जीपने नाकात नथ घातलीय.

“काढतो,” अब्बासभाई म्हणाले. “पण मंगळवार काही गाठता येत नाही.”

दुखरा गुडघा सांभाळत सुभेदार जीपखाली शिरले. बराच वेळ खालून ठोकल्याचे आवाज येत होते. मग बाहेर आले, मिशीवरचं गवत झटकलं आणि म्हणाले, “असू दे. रिव्हर्समध्ये पुढे जाते ना? जाऊ.”

“चढाला नाही जायची,” मी म्हणालो. “रिव्हर्सचे दात पार झिजलेत. सपाटीला ठीक. पण जोर पडला की निसटतो.”

“मग चढाला पहिला टाक.”

“पहिल्यात ती मागे जाते, सुभेदार!”

“मग तिला मागे जाऊ दे. तोंड कुठे का असेना, पोचल्याशी कारण.”

मी हात जोडले. अब्बासभाईंनी कान पकडले. ओटीवर मालनने पुन्हा पदर तोंडात कोंबला.

मंगळवारी सकाळी निघालो. घाटाच्या पायथ्याशी जीप वळवून तिची पाठ डोंगराकडे केली. आणि तिथे एक अडचण उभी राहिली. मी रस्त्याकडे, म्हणजे मागे बघून चालवणार. मग बंपरवरच्या बंबाकडे कोण बघणार? बंबातलं पाणी आटलं तर इंजिन जाम. 

“मालन, तू मागच्या फळीला पाठ लावून बस,” सुभेदारांनी हुकूम सोडला. “तोंड पुढे. नजर बंबावर. वाफ जास्त झाली की सांगायचं. मी सांगेपर्यंत वळायचं नाही.”

ती बसली. मी सीटवर अर्धा वळलो, एक हात स्टिअरिंगवर, एक सीटच्या पाठीवर. सुभेदार माझ्या शेजारी, फेटा बांधून, समोर समुद्राकडे तोंड करून ताठ बसले. 

आणि माझ्या लक्षात आलं की मला रस्ता बघायचा तर तो मालनच्या खांद्यावरून बघावा लागणार. आणि तिला बंब बघायचा तर माझ्या कानाशेजारून. मधे दोन हात अंतर. तिच्या बापाच्या हुकमाने, तिच्या बापाच्या देखत, अख्खा माकडघाट आम्हाला समोरासमोर बसून चढायचा होता. 

मी पहिला गिअर टाकला.

डिझेलने असा आवाज काढला की खाडीतले मासे उड्या मारून किनाऱ्यावर आले. कोळणी आयत्या टोपल्या भरून निघाल्या. ह्यातही कोणाला शंका असेल, तर त्याने मालनला विचारावं, तिने बघितलंय. समुद्र तिच्या समोर होता, माझ्या नव्हे. मला समुद्र कुठे होता, नव्हता, काही सांगता येणार नाही.

पहिल्या वळणावर एक म्हातारी मोळी घेऊन उतरत होती. पाठमोरी जीप अंगावर येताना बघून ती कड्याला चिकटली. 

“मेल्यांनो, घरी जाताय की घरून येताय?”

“वर जातोय आजी!” मी ओरडलो.

“मग तोंड करा ना वर! डोंगराला ढुंगण काय दाखवताय?”

सुभेदारांनी तिला कडक सलाम ठोकला. मालन खुदकन हसली. माझं चाक गटारात जाता जाता वाचलं.

“विश्राम,” सुभेदार समोरच बघत म्हणाले, “रस्त्यावर लक्ष.”

“रस्त्यावरच आहे, सुभेदार.”

“रस्ता थोडा डावीकडे आहे,” मालन हळूच म्हणाली. “तू बघतोयस तिथे मी आहे.”

मी सुभेदारांकडे चोरून बघितलं. त्यांचा फेटा हलला नाही. 

“बंब कसा आहे?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“ठीक आहे.”

“तापलाय?”

“तुझ्याइतका नाही. घाम पूस, डोळ्यांत जाईल.”

घाट चढत गेला. माकडं झाडांवर येऊन ओळीने बसली. त्यांनी त्या रस्त्यावर तोवर पुष्कळ गाड्या बघितल्या असतील, पण माणसं समोरासमोर बसून पाठीमागे डोंगर चढताना बघितली नव्हती. एक म्हातारं माकड काही अंतर आमच्यापुढे, म्हणजे आमच्याकडे तोंड करून, उलटं चालत गेलं. चेष्टा करत होतं की वाट दाखवत होतं, देव जाणे.

मधल्या खिंडीजवळ रस्ता इतका अरुंद की चाकाचा एक भाग हवेत. तिथे मात्र मी खरोखरच मान वाकडी करून रस्ता बघत होतो. जीप थरथरत होती. मालनने लुगड्याचा काठ मुठीत धरला होता, पण नजर हलवली नव्हती. 

“मालन,” मी म्हणालो. “भीती वाटते?”

“तुला वाटते का?”

आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून खरं निघालं. “हो.”

“मग मला नाही वाटत,” ती म्हणाली. “तू ‘नाही’ म्हणाला असतास, तर वाटली असती. बिबट्याला लिफ्ट देणारा माणूस घाटात काय करील, नेम नाही.”

खिंड पार झाली. आणि मग मला आठवलं, की हा रस्ता संपणार आहे. वर मनोहर बसलाय, भांग पाडून. जसजशी धारेवाडीची घरं दिसू लागली, तसतसा माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठू लागला. 

“दाब पाय,” सुभेदार म्हणाले. “आक्का वाट बघत असेल.”

धारेवाडीच्या वेशीपाशी सपाटी होती. मला जीप वळवता आली असती. “सरळ करून घेऊ का, सुभेदार? रिव्हर्सवर पुढे जाईल इथून. शोभेल जरा.”

“काही नको. आहे तशीच ने. धोंडूशेठच्या दारात उभी कर, म्हणजे आक्कालाही जवळ.”

ही शोभा काही मला कळेना. पण हुकूम म्हणजे हुकूम. 

धोंडूशेठच्या दारात माणसं जमलेली. गिरणीतून इंजिनाची धडधड येत होती. आणि तुम्हाला सांगतो, आमच्या डावखुऱ्याचा आवाज कानी पडताच ते गिरणीतलं उजवं इंजिन दोन ठोके चुकलं. मग दोघं एका तालात वाजू लागली. ताटातूट झालेले सख्खे भाऊच ते! गिरणीतल्या बाया तांदूळ तिथेच टाकून बाहेर आल्या.

जीप अंगणात शिरली. पाठ पुढे. दाराच्या उंबऱ्यावर धोंडूशेठ, त्यांच्या मागे मनोहर, बाजूला आक्का ओवाळणीचं ताट घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे धोंडूशेठची म्हातारी आई, काठी टेकून.

मी गाडी थांबवली. मालन उठून वळणार, एवढ्यात सुभेदार गरजले, “मालन! बंब उकळतोय! नजर काढू नकोस!”

ती बिचारी तशीच बसून राहिली. बंबाची वाफ तिच्या समोर, आणि तिची वेणी, तिची पाठ, तिच्या पाठीवरची हिरवी चोळी धोंडूशेठच्या उंबऱ्याकडे.

म्हातारीच्या हातातली काठी खाली पडली.

“अगो बाय!” ती किंचाळली. “लक्ष्मी पाठमोरी आली!”

आमच्याकडे दिवाळीला रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढतात ती घरात येणारी. चुकून एक पाऊल बाहेर वळलं, तरी बायका पुसून पुन्हा काढतात. आणि इथे सून व्हायला आलेली पोर अख्खी पाठ फिरवून दारात हजर! 

“आई, गाडीचा दोष आहे तो,” धोंडूशेठ पुटपुटले.

“गाडीचा? गाडी कोणाची? बापाची! ह्या घरात आली ती जायच्या तोंडाने आली. आत ये म्हणायच्या आधीच निघाली! नाही बाबा. माझ्या डोळ्यांदेखत नाही.”

आक्का ताट घेऊन पुढे धावली. “अहो आजी, पोर गुणाची आहे! माले, वळ गो! वळ इकडे!”

“बाबांनी सांगितल्याशिवाय कशी वळू, आत्या?” मालन पाठमोरीच म्हणाली. “पाणी आटलं तर इंजिन जाईल.”

मनोहर बिचारा जीपच्या बाजूने फिरून मुलीचं तोंड बघायला निघाला, पण म्हातारीने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं. धोंडूशेठने हात जोडले. “सुभेदार, राग मानू नका. आईपुढे आमचं चालत नाही. आमच्याकडून… नाहीच समजा.”

सुभेदार जीपमधून उतरले. चेहरा असा दुःखी, की मला त्यांची कीव आली. धोंडूशेठच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचंही बरोबर आहे. थोरल्यांचा शब्द मोडू नये. काय आक्का?”

आक्काने ताट खाली ठेवलं. भावावर ओरडणार तरी कशावरून? नकार मुलीकडून नव्हता. भावाने शब्द पाळला होता. जीपमधून आणली होती, वेळेवर आणली होती, दारातच आणली होती. 

पूजेचा प्रसाद घेतला आणि आम्ही निघालो. उताराला रिव्हर्स निसटायची भीती नव्हती, म्हणून जीप आता समुद्राकडे तोंड करून, माणसासारखी चालत होती. मालन तिच्या जागेवर, म्हणजे आता माझ्या पाठीमागे. मनोहर गेला याचा आनंद मानावा, तर मला मागे वळायचं कारणही गेलं होतं. आज एक स्थळ मोडलं. उद्या आक्का दुसरं काढील. मी बर्फवाला तो बर्फवालाच.

खिंडीच्या वर रुंद जागा आहे. तिथे सुभेदार म्हणाले, “थांबव.”

थांबवली. इंजिन बंद केलं. खाली सगळं बंदर, होड्या, आमच्या घरांची कौलं. सुभेदार खाली उतरले, वाकून जीपखाली बघितलं आणि एकदम हसायला लागले. मिशा थरथरल्या, फेटा सुटला, तरी हसणं थांबेना. 

“काय झालं, सुभेदार?”

“विश्राम, ह्या गाडीचे दोन्ही एक्सल काढून उलटे करून बसवले ना, की चाकं उलटी फिरतात. म्हणजे गाडी सरळ. इंजिनाला हात लावायला नको. फौजेत एकदा केलं होतं आम्ही. एका सकाळचं काम.”

मी बघत राहिलो. “म्हणजे… त्या दिवशी खाली शिरलात, तेव्हाच…”

“तेव्हाच कळलं. पण मग म्हटलं, असू दे.” त्यांनी डोळे पुसले. “अरे, तो धोंडू मुलगी बघायला घाटसुद्धा उतरेना. त्याच्या घरात माझी पोर द्यायची? पण आक्काला ‘नाही’ म्हणायची माझी छाती नाही. तिने मला कडेवर वाढवलाय. मुलीकडून नकार गेला असता, तर तिने तोंड बघितलं नसतं माझं. त्यांच्याकडून आला, मिटलं. ती म्हातारी लक्ष्मीची पावलं किती बघते, हे सगळ्या डोंगराला माहीत आहे.” 

मागून मालनचा आवाज आला, “बाबा! आणि मला बंबाकडे बघायला लावलंत!”

“तू बघत होतीस होय बंबाकडे?” सुभेदार म्हणाले.

माझ्या कानशिलांचा बंब झाला.

सुभेदार पुढे येऊन बॉनेटला टेकून उभे राहिले आणि मला न्याहाळू लागले. परेडला उभ्या केलेल्या शिपायासारखं. 

“विश्राम, मुलगी बघायला येतात ते लोक बशीतले पोहे संपेपर्यंत बघतात. वर हुंड्याचं बोलतात. तू अख्खा घाट बघितलीस. मी समोर बघत होतो, म्हणजे मला मागचं कळत नव्हतं असं नाही. चाक एकदाही दरीत गेलं नाही, हे मात्र खरं. आता रीतीप्रमाणे विचारतो. बोल. मुलगी पसंत आहे का?”

ज्या तोंडाने देवमासे आणि बिबटे गावभर फिरवले, त्या तोंडातून एक अक्षर फुटेना. मी आ वासला. मिटला. पुन्हा वासला. सुभेदार वाट बघतायत. खाली समुद्र वाट बघतोय. मी स्टिअरिंग असं धरून बसलो होतो, की इंजिन बंद असतानाही गाडी वळली असती.

“बाबा, त्याला कशाला विचारता?”

मालन मागची फळी ओलांडून खाली आली होती. फिरून आली आणि माझ्या दाराशी उभी राहिली. आता मधे दोन हातही अंतर नव्हतं. 

“घाटभर तोंड करून मीही बसले होते. रीतीचं मला विचारा.”

सुभेदारांनी फेटा उचलून डोक्यावर ठेवला. “बरं. बोल.”

“मुलगा पसंत आहे,” मालन म्हणाली. “पोहे घरी गेल्यावर करते.”